पंच हाच हवा

“क्रिकेटइतका चुरशीचा आणि न्यायाचा खेळ दुसरा नाही,” कबड्डीच्या मैदानात शिरतानाही अरुंधती धाकट्या दिराला ठणकावत होती. “यंत्र पंच झाल्यापासून एक निकाल चुकलेला नाही.”

“म्हणूनच मॅच बघताना तुम्ही विणत बसता, वहिनी. इथे अजून माणूस पंच आहे.”

शेवटच्या चढाईत चौघींनी पकडलेल्या सांगलीच्या पोरीचा हात मध्यरेषेला टेकला. सगळ्यांनी पाहिलं. पंच घुटमळला आणि त्याने तिला बाद दिलं. सांगली हरली.

“अहो, डोळे फुटले का?” अरुंधती खुर्चीवर चढून किंचाळली. पंचावर ओरडता येतं, हे ती विसरूनच गेली होती. शेजारची अनोळखी बाई तिचा हात धरून ओरडत होती.

घसा बसल्यावरच ती खाली उतरली.

“निघायचं?” दिराने विचारलं.

“उद्याची तिकिटं काढा, भाऊजी. आणि पंच हाच आहे ना, तेवढं विचारून घ्या.”