दौंडच्या दुपारी

विनोदनं शेवटचा टाका दिला आणि सोल्डरिंग गन बाजूला ठेवली. निळसर धुराची एक वेटोळी रेघ खोलीत तरंगत राहिली. पुढ्यात व्हिडिओ गेमचा डबा उघडा पडला होता. शिरूरच्या बाजारात भंगारवाल्याच्या गाडीवर, जुन्या मिक्सरखाली तो दिसला तेव्हा पार पिवळा पडलेला होता. पोटात मुंग्यांनी घर केलं होतं. चालेल याची काही खात्री नाही, असं भंगारवाल्यानं आधीच सांगून टाकलं होतं. तरी विनोद तो छातीशी धरून घरी घेऊन आला.

त्याच्या बायकोला, रश्मीला, याचं हसू आलं. रांजणगावच्या कंपनीत हा माणूस रोज वायरीच जोडतो आणि सुट्टीच्या दिवशीही घरी तेच घेऊन बसतो. विनोदला तिला सगळं सांगायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना.

तो लहान होता तेव्हा ते दौंडला राहत. त्याचे वडील, दादा, रेल्वेत गँगमन होते आणि आई, पार्वतीबाई, एका रेल्वे साहेबांच्या बंगल्यावर धुणंभांडी करायची. मे महिन्यात साहेबांचा मुलगा बोर्डिंगातून घरी आला की टीव्हीला असाच डबा जोडायचा. बाहेर खिडकीच्या गजांना पोरं लोंबकळायची. त्यांत विनोदही असायचा. एकदा त्या मुलानं सरळ पडदा ओढून घेतला. पडद्याआड खेळाची टिणटिण चालू राहिली, आणि तिच्या मागून मोरीतल्या भांड्यांचा आवाज येत राहिला. आपली आई तिथं भांडी घासते आहे, हे विनोदला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

सुट्टी संपून मुलगा परत गेला तरी आई रोज जेवणवेळेनंतर बंगल्यावर जायची आणि दिवेलागणीला परतायची. दादा म्हणायचे, ती साहेबांची बायको हिला लई राबवून घेते. आई हसल्यासारखं करून चुलीपुढे बसायची. विनोदनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की मोठं झालं की हिला कुणाच्या मोरीत बसू द्यायचं नाही.

त्यानं ते खरं करून दाखवलं. साहेबांची बदली कधीच झाली होती, आई दुसऱ्या घरांची कामं करत होती. दादा गेल्यावर विनोद तिला शिरूरला घेऊन आला आणि आता नुसतं बसून खा म्हणाला. आई बसली. पण बसल्या जागी ती सुकत चालली. ताटातलं ताटात राहायचं. दुपारभर गॅलरीत रस्त्याकडं तोंड करून बसायची. आज सकाळी तिनं लुगडी पिशवीत भरली आणि मला दौंडला भावाकडं सोडून ये म्हणाली. का, ते सांगितलं नाही. विनोदला ते फार लागलं. आपण हिला सुखात ठेवलं आणि हिला सुखच नको, असं त्याला वाटलं. तो डबा पुढ्यात ओढून कामाला लागला.

आता त्यानं स्क्रू आवळले, वायर टीव्हीला जोडली आणि कॅसेटवर फुंकर मारून ती आत दाबली. पडद्यावर मुंग्या आल्या. चॅनल फिरवता फिरवता त्या मुंग्या विरल्या आणि अचानक आभाळ उमटलं. तसलं निळं खऱ्या आभाळाला कधी नसतं. त्याखाली हिरवी झुडपं आणि टोपीवाला एक ठेंगू माणूस. ओढलेल्या पडद्यांतून दुपारचं पिवळं ऊन आत झिरपत होतं. त्यात ते निळं मिसळलं आणि सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी झाली.

विनोदनं खेळाचा रिमोट हातात घेतला. डोळ्यांना सगळं पाठ होतं, बोटांना काहीच येत नव्हतं. ठेंगू माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. विनोदला वाटलं, इतक्या वर्षांची ओढ ती एवढीच होती काय.

टिणटिण ऐकून आई दारात येऊन उभी राहिली होती. ती कधी आत आली ते त्याला कळलं नाही. त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, पदर खोचला आणि त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला.

ठेंगू माणूस खड्ड्यावरून पाखरासारखा गेला. दुसऱ्या खड्ड्यावरूनही गेला. मग एका मोकळ्या जागी आईनं त्याला थांबवलं आणि उगीचच उडी मारायला लावली. डोक्यावर काहीच नव्हतं. त्या रिकाम्या आभाळात टणकन् एक वीट उमटली आणि तिच्यातून चांदणी बाहेर पडली. आईनं ती झेलली. तिचा चेहरा निळा दिसत होता, आणि विनोदनं कधी पाहिला नव्हता इतका तरुण.

स्वयंपाकघरातून आलेली रश्मी तिथंच उभी राहिली.

"आई, तुला हे कुणी शिकवलं?" विनोदनं हळूच विचारलं.

"बाईसाहेबांनी." आईची नजर पडद्यावरून हलली नाही. "पोरगं बोर्डिंगात गेलं की त्यांना घर खायला उठायचं. त्यांची बोली मला येत न्हवती, माझी त्यांना. भांडी घटकाभरात व्हायची. मंग अंधार पडंस्तवर आमी दोघी ह्येच खेळत बसायचो."

"मग घरी कधी बोलली का नाहीस? दादा तर म्हणायचे..."

आईच्या ओठांवर तेच जुनं, हसल्यासारखं काहीतरी आलं.

"खरं सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर जाऊ दिलं असतं का मला?"