साहेबांची सकाळची बैठक

"पूल एकाच काठावरून बांधायला घेतलाय," साहेब म्हणाले. "पलीकडच्या लोकांना विचारलं का? नाही. फाईल परत."

सचिवकाकांनी मान डोलावली आणि फाईल पिशवीत घातली.

"आणि कोटाची बटणं वरखाली लागलीत तुमची. सरकार पडलं तरी चालेल, बटणं नीट हवीत. नाश्ता झाला?"

"झाला, साहेब."

"थापा मारू नका. अगं, यांना काहीतरी खायला दे."

दाराशी उभ्या असलेल्या लेकीने सुस्कारा सोडला. असा कुठलाच पूल नव्हता. फाईल काकांनीच घरी बसून रचली होती.

वर्षापूर्वी साहेब पक्षाघाताने कोसळले. ते निपचित पडून असतानाच पक्षाने दुसरा पंतप्रधान नेमला. साहेब शुद्धीवर आले, पण खरं सांगायची कुणाची छाती होईना. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये. मग एका सकाळी काका फाईलींची पिशवी घेऊन आले आणि ही बैठक सुरू झाली. ती एक दिवस चुकली नाही.

लेकीला याची लाज वाटे. युद्ध थांबवायच्या करारावर याच माणसाने सही केली होती. तेव्हा स्वतःच्याच पक्षाने त्यांना भेकड म्हटलं, घरावर दगड आले. फुटलेल्या काचा स्वतः झाडताना ते एवढंच म्हणाले होते, "पोरांची प्रेतं यायची थांबली ना? मग काचा फुटू देत." अशा माणसाकडून खोट्या कागदांवर सह्या घ्यायच्या!

काकांनी खाणं उरकलं तशी तिने त्यांना बाहेरच्या खोलीत गाठलं.

"काका, आज सांगायलाच हवं. दुपारी नवे पंतप्रधान भेटायला येताहेत."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, खचतील ते! कामाशिवाय हा माणूस जगायचा नाही. आपण सांगू की कोणी मंत्री आलाय."

"मागेपुढे गाड्या, दारात पोलीस. मंत्र्याला एवढा लवाजमा? बँडवाले तेवढे यायचे बाकी आहेत!"

काका हसले नाहीत. पिशवी छातीशी धरून उभे राहिले. काकू गेल्यापासून ते फारच वाकले होते. "मग तूच सांग, बाई. माझ्याने नाही व्हायचं," म्हणाले आणि जिना उतरू लागले.

ती आत गेली. साहेब खिडकीशी बसले होते. तिने त्यांचा हात हातात घेतला. नाडी लागतेय ना, हे नकळत चाचपलं.

"बाबा, मन घट्ट करा. तुम्ही आता पंतप्रधान नाही."

"हळू बोल," साहेब म्हणाले. "तो अजून जिन्यात असेल."

"तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?"

"अंग लुळं पडलं होतं गं, कान शाबूत होते. माझ्या उशाशी उभे राहून पक्षवाल्यांनी माझ्या खुर्चीवर कोण बसणार ते ठरवलं. माणूस चांगला निवडला हो, त्याबद्दल तक्रार नाही. आत्ताचं तुमचं बाहेरचं बोलणंही ऐकलं मी. दुपारी त्याला आधी एकट्यालाच आत पाठव. सांगतो त्याला, काकांच्या देखत घटकाभर माझा मंत्री हो. ऐकेल तो."

"मग हे सोंग कशासाठी, बाबा? तुम्हाला धक्का बसू नये म्हणून काका वर्षभर मरमर मरताहेत!"

साहेब खाली फाटकाकडे पाहत होते.

"बायकोला स्मशानात पोचवून तो सरळ माझ्याकडे आला होता. मला ऐकू येत नाही असं धरून बोलत बसला. म्हणाला, साहेब, आता सकाळी उठायचं कुणासाठी? तेव्हा माझी जीभ वळेना. वळली तसं पहिलं वाक्य त्यालाच बोललो. म्हटलं, उद्या सकाळी फाईली घेऊन या."