तिसरा फोटो

पहिल्या दोन मोटारी प्रभावतीने बरोबर ओळखल्या. मग फौजदार माने यांनी खिशातून तिसरा फोटो काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

आष्ट्यात तिच्या नवऱ्याचं, जवाहरचं, पेट्रोलचं दुकान होतं. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं आणि दुकान ओस पडलं, तेव्हा नवराबायकोने हा खेळ काढला होता. जुन्या इंग्रजी मासिकांतल्या मोटारींची चित्रं तो पुठ्ठ्याने झाकायचा, एखादा दिवा नाहीतर चाक तेवढं उघडं ठेवायचा आणि तिने नाव सांगायचं. वीस-पंचवीस वर्षांमागच्या, आता रस्त्यावर न दिसणाऱ्या मोटारीसुद्धा ती ओळखायची. गावभर त्याचं कौतुक होतं. तेच बघायला आलो, असं फौजदार म्हणाले होते.

तिसरा फोटो कडेगावच्या बाजारातला होता. लग्नाचं वऱ्हाड ओळीने उभं होतं. त्यांच्या मागे, कोपऱ्यात, एका मोटारीचं मडगार्ड आणि अर्धा दिवा दिसत होता. त्याच दिवशी तिथून दोन कोसांवर पोलीस चौकीतल्या बंदुका भूमिगतांनी पळवल्या होत्या, फौजदार सांगत होते. माणसं मोटारीतून आली होती. मोटार सगळ्यांनी बघितली, पण कुठली ते एकालाही सांगता येईना.

प्रभावतीने बसल्या जागेवरूनच फोटो बघितला.

हुपमोबाइल. या भागात चालती अशी एकच उरली होती. ती सांगलीला तिच्या माहेरच्या गोठ्यात उभी असायची आणि तिचा भाऊ श्रेणिक चालवायचा. लग्नानंतर ती सासरी आली ती त्याच मोटारीतून.

ओळखू येत नाही म्हणावं, तर फौजदारांनी विश्वास ठेवला नसता. आत्ताच नुसत्या चाकावरून तिने ओव्हरलँड सांगितली होती.

"एसेक्स," ती म्हणाली.

नाव तोंडातून गेल्यावर तिला जवाहरची आठवण झाली. तो शेजारीच बसला होता. मोटार त्यालाही माहीत होती. ती चुकली की लगेच दुरुस्त करायची त्याला सवय होती, आणि खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. साधा शिपाई दुकानात आला तरी तो उठून उभा राहायचा.

जवाहरने फोटो उचलला. मग तो पुन्हा टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं.

"एसेक्स कुठली? चँडलर हाय ही. मडगार्ड बघ की."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या ओठावर घाम आला होता. क्षणभर तिला कळेना. मग कळलं, आणि तिने आवाज चढवला. दिवा चँडलरचा नाहीच, असं ती म्हणाली. दिव्यावरून काय ठरतंय, असं तो म्हणाला. तिने मासिकांचा गठ्ठा पुढे ओढला, त्याने तो बाजूला सारला. दोन चुकीच्या नावांसाठी दोघं जीव तोडून भांडत राहिली. थांबायची भीती वाटत होती. थांबलं की फौजदार काहीतरी बोलणार होते.

फौजदारांनी चहा संपवला, बशी कपाखाली सरकवली आणि फोटो खिशात घातला. दारात पायताण चढवताना ते वळले.

"पहिले दोन फोटो तुम्ही उजेडात नेऊन बघितलेत, बाई," ते शांतपणे म्हणाले. "हा नाही नेलात."

ते गेल्यावर जवाहरने दार ओढून घेतलं. मग प्रभावतीने खिडकीच्या फटीतून बघितलं. समोर लोहाराच्या कट्ट्यावर एक शिपाई येऊन बसला होता. तो त्यांच्या घराकडे बघत नव्हता.

"श्रेणिकला सांगाय पायजे," ती म्हणाली.

जवाहरने नाही म्हणून मान हलवली. घरातून जो बाहेर पडेल त्याच्या मागं तो शिपाई जाणार आणि नेमका सांगलीच्या गोठ्यात पोचणार, हे त्याला दिसत होतं. फौजदार तेवढ्यासाठीच तसं बोलून गेले होते. गप घरात बसावं, असं त्याचं म्हणणं पडलं.

"आणि श्रेणिक उद्या तीच मोटार घेऊन निघाला म्हंजे?" ती म्हणाली. "त्यो शिपाई माझ्या मागं येईल. मोटार ओळखली ती मी."

ती काय मागते आहे ते जवाहरच्या हळूहळू लक्षात आलं. घरामागच्या परड्यापलीकडून ऊस लागत होता. उसाउसाने निघालं तर संध्याकाळी उशिरा का होईना सांगली गाठता येत होती. पण एकट्याने.

"मला धरलं तर माझ्यानं गप ऱ्हावणार न्हाई, प्रभा," तो म्हणाला.

तिने त्याचं पायताण परड्याच्या दाराशी नेऊन ठेवलं.

ऊस हलायचा थांबेपर्यंत ती बघत राहिली. मग एका गाठोड्यात दोन लुगडी बांधून ती पुढच्या दाराने बाहेर पडली. उंबऱ्यावरून तिने रिकाम्या घरात हाक दिली, मी जाऊन येते, दार लावून घ्या. शिपायाकडे तिने बघितलं नाही. सांगलीकडे पाठ करून ती इस्लामपूरच्या रस्त्याला लागली.

गावाची शेवटची घरं मागे पडली आणि बुटांचा आवाज यायला लागला. पळत सुटावंसं वाटत होतं. मधूनच आवाज मागे राहिल्यासारखा व्हायचा, आणि तो पुन्हा जवळ येईपर्यंत ती पावलं आखडती घ्यायची.