तळाचा कोपरा

सरकारी छापखान्यातल्या बाइंडरचा हात सत्ताविसाव्या फर्म्यावर थांबला. सोळा-सोळा पानांचे हे फर्मे घड्या घालून शिवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, पण त्यावर काय छापलंय ते तो कधी वाचत नसे. वाचत बसलं की घडी चुकते. आज मात्र पहिल्याच पानावर त्याच्या वहिनीचं नाव होतं. साक्षीदार क्रमांक एकशे बारा.

नावाखाली एकच ओळ होती. ‘साक्षीदाराने नवीन काही सांगितले नाही.’

वहिनीची साक्ष उद्या होती.

बोट बुडाली त्याला वर्ष होत आलं होतं. तीनशे माणसं गेली, त्यात बाइंडरचा थोरला भाऊ. चौकशी समिती नेमली तेव्हा गल्लीतले लोक म्हणाले होते, कुणा खलाशाच्या माथी मारून मोकळे होतील. बाइंडर त्यांच्याशी हमरीतुमरीवर आला होता. अहवाल आमच्याकडेच छापतात, मला ठाऊक आहे, असं तो छातीठोकपणे म्हणाला होता.

तो सुपरवायझरकडे गेला. “साहेब, उद्याची साक्ष आजच छापून आली?”

“बोटीला वर्ष होईल त्या दिवशी अहवाल मांडायचाय वरच्यांना. तू शिव. वाचायला तुला कुणी ठेवलंय का?”

बाइंडरने मान डोलावली आणि जागेवर येऊन ते पहिलं पान असलेला कागद बनियनच्या आत सरकवला. जन्मात त्याने सुईसुद्धा चोरली नव्हती. गेटवरचा पहारेकरी ओळखीचा होता, म्हणून निभावलं.

घरी वहिनी हातात कागद धरून, उभी राहून उद्याची साक्ष पाठ म्हणत होती.

“भाऊजी, बरे आलात. ऐका जरा. ‘शेवटचा फोन मला आला. हे म्हणाले, खालच्या मजल्याचं दार बाहेरून बंद केलंय, आम्ही ठोठावतोय.’ हे आधी कुणी सांगितलेलं नाही ना? एवढं एकदा त्यांच्या कानावर घातलं की मी सुटले.”

बाइंडरने बनियनमधून छापील कागद काढला. तो त्याने तिच्यापुढे ठेवला.

तिने ती ओळ दोनदा वाचली. रडली नाही. “पुढे कधी हे दाखवलं, तर साक्षीनंतरच छापलंय म्हणतील.”

बाइंडरने पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. फर्म्यांचा क्रम लागावा म्हणून तिथे अगदी बारीक अक्षरात फर्म्याचा क्रमांक आणि छपाईची तारीख असते. पुस्तक बांधून झालं की कडा कापताना ती निघून जाते. कापायचं काम त्याचंच.

तारीख गेल्या बुधवारची होती.

“मग उद्या माझा कागद नंतर,” वहिनी म्हणाली. “आधी हा वाचते.”

तेवढ्यात तिला त्या कोपऱ्यावर पिवळट डाग दिसला. सरसाने बरबटलेल्या अंगठ्याचा, रेघन्‌रेघ उमटलेला ठसा होता. तिने लगबगीने शिवणाच्या डब्यातून कात्री काढली.

“एवढा कोपरा उडवते, भाऊजी. तुमच्या नोकरीवर नको यायला.”

कात्री कागदाला लागली आणि थांबली. ठसा तारखेवरच होता.

बाइंडरने तिच्या हातातून कात्री घेतली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.