वगळायचे बंदर

दर दुसऱ्या मंगळवारी पर्यटकांचे जहाज कॅरिबियनमधल्या किंग्सटाउनला लागे आणि जहाजावरच्या खोल्या आवरणाऱ्या केनरिकला आपल्या या गावी दोन तासांची सुट्टी मिळे. तेवढ्यासाठी त्याची आई भाजलेला नीरफणस घेऊन सकाळपासून धक्क्यावर बसे.

या सफरीच्या शेवटच्या दिवशी प्रवाशांना बंदरांविषयी पसंती-नापसंतीचे फॉर्म वाटण्यात आले. ज्या बंदराला सर्वाधिक नापसंती मिळेल, ते पुढील हंगामापासून वगळले जाणार होते. केनरिक ज्यांची खोली आवरत होता, त्या वृद्ध हॉफमनबाईंना चष्मा सापडेना.

"तूच भर रे बाबा," त्या म्हणाल्या. "किंग्सटाउन लिही. बघण्यासारखं आहे काय तिथं? नुसतं ऊन. आमच्या टेबलावरचे सगळे तेच लिहितायत."

केनरिकने पेन उघडले.

"स्पेलिंग येतं ना?"

"येतं, मॅडम. आईनं सगळ्यात आधी तेच शिकवलं होतं."