फाटकाचा आवाज

"खोटं बोलू नकोस," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. "तू फाटक लावलंच नाहीस."

"लावलं साहेब. रोजच्यासारखंच लावलं."

लाइफगार्ड दाराशी उभा होता. अंगात कालचाच पिवळा टी-शर्ट होता, अंगावरच वाळून चुरगळलेला. काल दुपारी पोहण्याचा तलाव बंद करून तो जेवायला बसला होता. आरडाओरडा ऐकून, ताट तसंच टाकून धावत येऊन त्यानेच सेक्रेटरींच्या नातीला पाण्यातून काढलं होतं. आजी-आजोबांचा डोळा लागला तेवढ्यात ती चिमुरडी एकटीच खाली उतरली होती. ती अजून शुद्धीवर आली नव्हती. आता महापालिकेच्या तपासनीस बाई यायच्या होत्या. त्यांनी ठपका ठेवला की लाइफगार्डची नोकरी तर जाणारच होती, वर तुरुंगही ठरलेला होता.

सेक्रेटरींची बायको आतून पाणी घेऊन आली आणि तिने मागचं दार ओढून घेतलं. आवाज झाला नाही. त्या घरात कुठलंच दार वाजत नसे.

"नियम काय आहे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तलावाचं फाटक आपोआप मिटलं पाहिजे. खटका आपोआप पडला पाहिजे. लहान मुलाचा हात पोचणार नाही इतका तो उंच पाहिजे."

"पाठ आहे की!"

"तुम्हीच पाठ करून घेतलंत."

ते खरं होतं. नियमाच्या बाबतीत सेक्रेटरी म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. टोपी न घालता पाण्यात उतरला म्हणून सख्ख्या मेहुण्याला त्यांनी सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं. त्यांचं दुखणं एकच, दुपारची झोप. फाटक नेमकं त्यांच्या बेडरूमखाली. ते मिटलं की धाडकन आवाज व्हायचा आणि सेक्रेटरी पलंगावर ताडकन उठून बसायचे. त्यावरून सोसायटीत त्यांची भरपूर टिंगल चाले. कुणीतरी सभेत म्हणालं, मग तो खटकाच काढून टाका. त्यावर कायद्याने खटक्याला हात लावता येत नाही, हे त्यांनीच सगळ्यांना सुनावलं होतं. झोपमोडीचं रडगाणं ते मग घरी गात.

"फाटक मिटलं की आवाज केवढा होतो?"

"मोठा होतो."

"काल मी ढाराढूर झोपलो होतो. आरडाओरडा झाला तेव्हाच उठलो. मग तो मोठा आवाज गेला कुठे?"

लाइफगार्डने मान खाली घातली. "हल्ली आवाज येत नाही साहेब. थोडे दिवस झाले. मला वाटलं, तुम्हीच तेलबिल घालून घेतलंत. बरं झालं म्हटलं, साहेबांना झोप तरी लागेल."

सेक्रेटरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे उलट माझ्यावरच? अगं, ऐकतेस का हा काय म्हणतोय?"

बायको खिडकीत उभी होती. कालपासून ती तिथून फारशी हललीच नव्हती. खाली फाटकाला पोलिसांनी पट्टी चिकटवून ठेवली होती. "पोरीच्या चपला आत राहिल्यात हो, तेवढ्या आणू का?" असं तिने काल पोलिसाला पुन्हा पुन्हा विचारलं होतं. तपासणी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, म्हणून त्याने तिला परत पाठवलं होतं.

फोन वाजला. हॉस्पिटलमधून लेकीचा होता. सेक्रेटरींनी तो स्पीकरवर टाकला.

"अजून तशीच आहे बाबा. डॉक्टर काही बोलत नाहीत." मग बराच वेळ नुसते हुंदके. "ज्याच्यामुळे ते फाटक उघडं राहिलं ना, त्याला सोडू नका. कोणी का असेना. मला जन्मात त्याचं तोंड बघायचं नाही."

"नाही सोडणार बेटा."

बायकोने पदर तोंडात धरला. लाइफगार्डचेही डोळे भरून आले होते, पण त्याच्याकडे कोण बघतो?

तपासनीस बाई आल्या तेव्हा सगळे खाली उतरले. बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पट्टी काढली आणि फाटक एका बोटाने ढकललं. ते उघडलं. सोडून दिलं, तर हळूच मागे येऊन चौकटीला टेकलं. लांबून बघणारा म्हणाला असता, छान मिटलंय. बाईंनी पुन्हा बोट लावलं. पुन्हा उघडलं.

"खटका पडतच नाहीये," त्या म्हणाल्या. "लावल्यावर ओढून बघत नव्हतात?"

"बघायला हवं होतं," लाइफगार्ड म्हणाला. "चुकलं माझं."

"ऐकलंत? कबूल केलं!" सेक्रेटरी ओरडले.

बाईंनी टाचा उंचावून खटक्याच्या खाचेत बोटं घातली. थोडं चाचपून त्यांनी एक कापडाची घडी बाहेर काढली. सुपारीएवढी, चारी बाजूंनी बारीक टाके घातलेली.

"मुद्दाम बसवलीय. मापाने शिवलीय अगदी."

"ही याचीच कामं!" सेक्रेटरींनी लाइफगार्डची कॉलर धरली. "सारखा खटका उघडायचा कंटाळा! माझी नात मरणाच्या दारात आहे रे! बाई, लिहून घ्या. याला मी स्वतः पोलिसांच्या ताब्यात देतो."

लाइफगार्ड त्या घडीकडे टक लावून बघत होता. तशाच घड्या त्याने वर सेक्रेटरींच्या घरातल्या दारांना पाहिल्या होत्या. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग सेक्रेटरींच्या बायकोकडे पाहून मिटून घेतलं. बाईंनी पेन काढलं.

तेवढ्यात बायको पुढे झाली. तिने नवऱ्याचा हात त्या कॉलरवरून सोडवला.

"अहो, त्याला सोडा," ती म्हणाली. "तुमची झोप मोडायची ना रोज, म्हणून मीच बसवली होती."