हलू नका हं

वस्तरा मास्तरांच्या गालाला टेकला आणि न्हावी सवयीने म्हणून गेला, "हलू नका हं."

मास्तर पहाटेच गेले होते. खाली गाडी येऊन उभी होती. दाढीचे खुंट तसेच ठेवून त्यांना न्यायचं नाही, एवढा एकच हट्ट त्यांच्या बायकोने धरला होता.

न्हाव्याने दुसऱ्यांदा वस्तरा फिरवला तोच गालावर बोटभर चीर पडली. रक्त नाही, काही नाही. नुसती फट.

"काका, कापलं," मास्तरांचा मुलगा म्हणाला.

आता खरं तर यात एवढं काय होतं? हात थरथरला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मेलेला माणूस थोडाच भांडायला उठतो! पण हा गडी पडला मानी. गेल्या वर्षभरात दुकानात कितीतरी जणांचे कान-गाल सोलवटले होते, आणि दर वेळी गिऱ्हाईकच हललं होतं. शपथेवर सांगितलं असतं त्याने. तोंडात बसलेलं वाक्य आताही आपसूक बाहेर पडलं.

"हलले ते."

भिंतीशी बसलेली मास्तरांची बायको ताडकन उठली.

"हलले? खरंच हलले हे?"

मुलगा न्हाव्याच्या कानाशी वाकला. "काका, पाया पडतो तुमच्या, आईला खरं काय ते सांगा. हात तुमचा थरथरला ना?"

सगळे त्याच्या हाताकडे बघायला लागले. चाळीस वर्षं राबलेला हात. त्या बाईची त्याला कीव आली, अगदी मनापासून आली. पण हाताची जास्त आली.

"माझा हात? खणखणीत आहे अजून. वहिनी, हललेच ते."

तिने नवऱ्याच्या छातीवर दोन्ही हात पसरले. "गाडी परत पाठव," ती मुलाला म्हणाली.

खिडकीतून ऊन आत आलं होतं. न्हाव्याच्या हातातल्या वस्तऱ्याच्या पात्यावरून त्याची एक तिरीप उडून मास्तरांच्या मिटल्या डोळ्यांवर पडली होती आणि तिथे सारखी थरथरत होती.

"अगबाई, पापणी!" ती किंचाळली. "बघा, बघा, पुन्हा हलले!"

न्हावी वाकला. त्यालाही दिसलं. सर्रकन काटा आला त्याच्या अंगावर.

"मी म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला.